तीन बटणं आणि एक लपवलेलं

संपादकांनी पत्रात लिहिलंय, "ग्रामीण भागातील संगणकयुगाची पहाट आपण पाहिलीत, त्याविषयी लिहावे." पहाट वगैरे मी काही पाहिली नाही. मी पाहिली ती बारामतीच्या भिगवण रस्त्यावरची दुपार. खाली खता-बियाण्यांचं दुकान, वर पत्र्याखाली आमचं तीन माणसांचं ऑफिस, आणि फवारणीच्या औषधांच्या वासाने ठणकणारं डोकं. तिथे बसून नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत मी एक काम केलं. गावोगावच्या दूध संस्थांना मराठीतून ई-मेल पाठवता यावा म्हणून आम्ही एक प्रोग्रॅम तयार केला होता, त्याचा पडदा मी बनवला. पडदा म्हणजे माणसाला समोर जे दिसतं ते. कुठलं बटण कुठे ठेवायचं, त्यावर काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे ठरवणं माझं काम. नातेवाइकांना अजून वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करत होते. लग्नकार्यात भेटले की बंद पडलेले मोबाइल माझ्यापुढे आणून ठेवतात.

हे काम काय असतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपण स्वयंपाकघरात डबे मांडतो ना, तेच. मीठ, तिखट, हळद हाताशी. चकलीचा सोऱ्या माळ्यावर. सोऱ्या रोज ओट्यावर ठेवला तर भाजी चिरायला जागा उरत नाही. पण माळ्यावर ठेवला आणि नव्या सुनेला घराला माळा आहे हेच कुणी सांगितलं नाही, तर ती दिवाळीला चकल्या विकत आणते, आणि सासू म्हणते, हिला काही येत नाही. माझा सगळा धंदा एवढ्यावरच चालला: ओट्यावर काय, माळ्यावर काय, आणि माळ्याची शिडी कुठे. त्यातला शिडीचा प्रश्न मला फार उशिरा कळला. तो मला शिकवला एका बाईने, आणि तिला शिडी दाखवायची वेळ आली तेव्हा मी तोंड फिरवलं होतं.

काम एका दूध संघाचं होतं. नाव सांगत नाही, कारण त्यातली निम्मी माणसं अजून आहेत आणि त्यांना वाचता येतं. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या चौदा गावांच्या दूध संस्था त्या संघाला जोडलेल्या. रोज दूध किती जमलं, फॅट किती लागलं, टँकर कधी पाठवायचा, हे सगळं फोनवर सांगायचं तर लाइन लागत नसे, आणि लागली तर ऐकू येत नसे. म्हणून संघाने ठरवलं की प्रत्येक संस्थेत एक कॉम्प्युटर ठेवायचा आणि टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल करायचा. तसा ठरावही झाला. संस्थेच्या अध्यक्षाच्या पेटीतून आलेला ई-मेल म्हणजे सही-शिक्क्याचं पत्र समजावं, असं त्या ठरावात होतं. हा ठराव वाचकांनी लक्षात ठेवावा. मी ठेवला नव्हता.

माझा पहिला पडदा बावीस बटणांचा होता. पुण्यात डिप्लोमा करून आलेली मी, जे जे शिकले ते ते सगळं मांडून ठेवलं. तो घेऊन पहिल्यांदा गेले कऱ्हाटीला. तिथले सेक्रेटरी बापूराव, वय पंचावन्नच्या पुढे, अक्षर मोत्यासारखं. महिन्याने परत गेले तर कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल घातलेला.

"बापूराव, हा उघडा कधी असतो?"

"तुमी येता तवा."

मी रुमाल काढला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कपाटातून खडू काढून माझ्या हातात दिला. "म्याडम, ह्येच्यात रोजचं दूध पाठवायचं बटन कुठलं, तेवढ्यावर खूण करा. बाकीच्यांशी माझं कायबी काम न्हाय."

डिप्लोमाची मान खाली घालून मी काचेवर खडूने गोल काढला. दुसऱ्या दिवसापासून कऱ्हाटीचं दूध बिनचूक यायला लागलं. हे दसऱ्यापर्यंत टिकलं. दसऱ्याला आपल्याकडे यंत्रांची पूजा होते, त्यात हाही आलाच. कुणीतरी काच ओल्या फडक्याने पुसली, खडू गेला, आणि पूजेत कुंकवाचं बोट टेकलं ते नेमकं 'काढून टाका' या बटणावर. पुढचे चार दिवस बापूराव श्रद्धेने कुंकवावर बाण नेऊन दूध पाठवत होते, आणि दूध नाहीसं होत होतं. संघाचा टँकर चार दिवस कऱ्हाटीला अंदाजाने गेला.

मला त्या दिवशी हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. बापूरावांनी खडूने जे मागितलं होतं, ते माझ्या बावीस बटणांत कुठेच नव्हतं. मी नवा पडदा केला. त्यावर तीन मोठी बटणं: 'आलेलं', 'लिहा', 'पाठवा'. बाकी एकोणीस गोष्टी एका छोट्या बटणात कोंबल्या आणि ते खाली कोपऱ्यात ठेवलं. त्यावर लिहिलं 'इतर'. पत्र लिहून न पाठवता ठेवायचं असेल, एकच पत्र सगळ्यांना पाठवायचं असेल, जुनं शोधायचं असेल, तर 'इतर'. तीन बटणांवर सगळे खूश झाले. रुमाल निघाले. मात्र 'इतर'ला कुणी हात लावेना.

पणदऱ्याचे एक आबा होते, तिथल्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या पेटीत त्यांनी स्वतःच स्वतःला पाठवलेली शंभरावर पत्रं सापडली. मी विचारलं, "आबा, स्वतःला पत्रं का पाठवता?"

"मग ठिवायचं कुठं? पाठवलं की परत येतंय. आलं की ऱ्हातंय."

"अहो, त्यासाठी कोपऱ्यात 'इतर' दिलंय ना."

"इतर म्हनल्यावर म्हटलं, दुसऱ्या कुनाचं तरी असंल. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची सवय न्हाय आपल्याला."

हे ऐकून मी एवढंच शिकले की लोकांना साधेपणा हवा असतो. पुण्यात एका परिसंवादात मी 'साधेपणाचे तत्त्व' या नावाचा निबंधही वाचला. टाळ्या पडल्या. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्या कुणी दूध काढलेलं नव्हतं.

आता तात्यांकडे येते. तात्या इंदापूरच्या बाजूचे. लासुर्ण्याच्या अलीकडे एक गाव लागतं, त्याचं नाव नको. गावच्या दूध संस्थेत तात्यांना पद एकही नव्हतं, पण त्यांना विचारल्याशिवाय तिथे पान हलत नसे. संघात मात्र त्यांचं वजन मोठं. इंदापूरच्या बाजूच्या गावांत आमचा प्रोग्रॅम बसवायचा की नाही, हे तात्यांच्या हातात होतं. एक दिवस ते स्वतः आमचा जिना चढून आले. धाप लागली होती. चहा बशीत ओतून घेतला आणि म्हणाले,

"म्याडम, तुमचं तीन बटनांचं आपल्याला आवडलं. साधं हाय. पर त्ये जाताना पत्र परत दावतंय आन् इचारतंय, पाठवायचं का, पाठवायचं का. त्ये कशापायी?"

"चुकून काही जाऊ नये म्हणून, तात्या."

"मानसानं एकदा पाठव म्हनल्यावर परत इचारायचं म्हंजी त्येचा अपमान हाय. आमच्या घरात असं कोन इचारत न्हाय."

मी हसले. त्यांच्या घरात कोण विचारत नसेल याची मला कल्पना होती.

"आन् कोपऱ्यातलं त्ये इतर. लोक उगा हात घालतील. आत ऱ्हाऊ द्या, पर वर दिसाया नको. ठाऊक असंल त्येलाच गावावं." मग बशी तोंडाला लावता लावता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज लिवून ठिवलं आन् सा म्हयन्यांनी पाठवलं, तर तारीख कवाची पडती?"

"पाठवल्या दिवसाची."

"आपोआप?"

"आपोआप."

तात्यांनी बशी खाली ठेवली. चेहरा उजळला. "म्हंजी शाईची भानगडच न्हाय," म्हणाले.

शाईची भानगड काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे दोन गट अडून बसले की अध्यक्षपद वाटून घेतात. आधी तू, मग मी. पण खुर्चीवर बसलेला माणूस वेळेवर उठेल याची खात्री कुणाला? म्हणून बसायच्या दिवशीच त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतात, सहीसकट, फक्त तारीख कोरी. तो कागद मोठ्या माणसाच्या खिशात राहतो. वेळ झाली की तारीख घालायची आणि कागद पुढे करायचा. मागे एकदा तात्यांनी असा कागद पुढे केला, तर त्या अध्यक्षाने सरळ सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार केली. सहीची शाई निळी, तारखेची काळी. राजीनामा फेटाळला गेला आणि तो गडी पूर्ण मुदत खुर्चीवर बसला. तात्यांच्या ते मनाला लागलं होतं. आणि आता त्यांना असा राजीनामा सापडला होता, ज्यावर तारीख आपली आपण पडते.

हे सगळं मला त्या दिवशी कळलं होतं का? निम्मं कळलं होतं. उरलेलं निम्मं मी विचारलं नाही. इंदापूरच्या गावांचं काम माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी 'पाठवायचं का' हा प्रश्न काढून टाकला, जाण्याआधी पत्र दाखवणं काढून टाकलं. 'इतर' पडद्यावरून पुसलं आणि कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत एफ नऊ नावाची कळ असते, तिच्यामागे दडवलं. ती दाबली की सगळं उघडणार, पण ती दाबायची असते हे कुणाला कळणार नाही. तेही एका साध्या यादीसारखं उघडायचं, पत्राचा फक्त विषय दिसायचा. हे मी तात्यांना दाखवलं, आणि त्यांच्या गावच्या संस्थेचा सेक्रेटरी अंकुश होता, त्याला दाखवलं. इतरांना सांगितलं, "आता आणखी सोपं केलंय." लोकांनी आभार मानले.

त्याच सुमारास तात्यांच्या गावात दोन गट पुन्हा अडले. या वेळी 'आधी कोण' यावरही जमेना. तेव्हा तात्यांनी तोड काढली, "सा म्हयने इमल बसंल."

विमलताई संचालक मंडळात राखीव जागेवर होत्या. वय चाळीसच्या आतबाहेर, शिक्षण नववी. घरी थोडा ऊस, तीन गाई. नवरा झेडपीच्या शाळेत शिक्षक, बदलीच्या गावी. सासऱ्यांनी छप्पन साली धम्म घेतला आणि त्या दिवसापासून घरात एक नियम घातला, की कागद समोर आला तर वाचल्याशिवाय बाजूला ठेवायचा नाही. सासरे गेले, नियम राहिला. तात्यांना हे ठाऊक नसावं. त्यांच्या हिशेबाने विमलताई म्हणजे कुणालाच न खुपणारं नाव.

पहिल्याच दिवशी अंकुशने राजीनामा टाइप केला, विषय घातला 'अध्यक्षपदाबाबत', विमलताईंनी आपला पासवर्ड घातला आणि पत्र एफ नऊच्या मागे जाऊन पडलं. विमलताईंनी खळखळ केली नाही. रीत त्यांना माहीत होती. मग त्या कामाला लागल्या.

त्यांनी केलं ते एवढंच. संस्थेत फॅट तपासायचं यंत्र असतं. दुधाचा भाव फॅटवर ठरतो. यंत्राला छोटी खिडकी असते, तिच्यात आकडा उमटतो. ती खिडकी वर्षानुवर्षं अंकुशच्या तोंडाकडे होती. तो आकडा बघायचा, मोठ्याने बोलायचा आणि लिहायचा. टेबलापलीकडे किटली घेऊन उभा असलेला माणूस ऐकायचा. विमलताईंनी टेबल फिरवलं. यंत्र तेच, दूध तेच, आता आकडा दूध घालणाऱ्याला दिसायला लागला. आठवड्यात तात्यांच्या भावकीतल्या म्हशींचं फॅट उतरलं. म्हशींना काही झालं नव्हतं.

मी तिथे गेले ती मोडेम बिघडला म्हणून. काम झालं. विमलताई शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. अंकुश पलीकडे रजिस्टर लिहीत होता.

"म्याडम, एक इचारू? लिवलंय पर पाठवलं न्हाय, असं पत्र ह्येच्यात कुठं ऱ्हातं?"

अंकुशचं पेन थांबलं.

"राजीनामा हाय माझा ह्येच्यात," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्याच दिलाय, रीतच हाय. पर कागुद असता तर तात्यांच्या खिशात हाय एवढं तरी म्हाईत असतं. ह्यो कुठं हाय त्येच दिसत न्हाय. सा म्हयने झाले की जाईन म्या. पर त्येच्या आदीच पत्र धाडून टेबल परत फिरवतील, त्येचं भ्या वाटतंय. लोकांनी मला इचारलं तर काय सांगू?"

कीबोर्ड माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. एक बोट पुढे केलं असतं तर झालं असतं. अंकुश माझ्याकडे बघत होता, आणि इंदापूरच्या बाजूची निम्मी गावं अजून बाकी होती.

"ताई," मी म्हणाले, "रोज लागेल तेवढं पडद्यावर ठेवलंय. साधं असावं म्हणून. बाकीचं लागेल तेव्हा सांगेन."

माझ्याच परिसंवादातलं वाक्य होतं ते. विमलताई "बरं" म्हणाल्या. निघताना त्यांनी घरून आणवलेला खरवसाचा डबा माझ्या पिशवीत ठेवला. गाय नुकतीच व्याली होती. तो खरवस मी खाऊ शकले नाही, शेजारी देऊन टाकला. माझ्या कामाची मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि तरी मी परत जाऊन ते एक बोट पुढे केलं नाही.

सहा महिने भरले. त्या दिवशी संघाची सभा होती. बाकी तेराही गावांचे सेक्रेटरी आले होते. नुकताच प्रोग्रॅम बसवलेल्या गावांना ई-मेल कसा येतो ते दाखवायचं म्हणून मलाही बोलावलं होतं. तात्यांनी अंकुशला गावातच थांबवलं होतं. पहिल्या दिवशी विमलताईंच्या देखत ठरलं होतं तेच त्याला पुन्हा बजावलं होतं: अकरा वाजता राजीनामा पाठव, आणि एकट्या संघाला नको, चौदाही संस्थांना पाठव, म्हणजे कुणाला दाबता यायचा नाही. विमलताई सकाळी पासवर्ड घालून पेटी उघडत, ती दिवसभर उघडी राही. हीसुद्धा माझीच साधेपणाची एक सोय. अंकुश अधूनमधून एफ नऊ दाबून बघत असे. 'अध्यक्षपदाबाबत' ही ओळ जागेवर असे. त्याला तेवढं पुरत होतं.

अकरा वाजून गेले. संघाच्या प्रिंटरने करकर करत कागद बाहेर काढला. कारकून उठला आणि म्हणाला, "विषय, अध्यक्षपदाबाबत." तात्यांनी हळहळ वाटल्याचा चेहरा आधीच करून ठेवला होता. कारकून वाचू लागला.

"महोदय, आमच्या संस्थेतील फॅट तपासण्याचे यंत्र आम्ही दूध घालणाऱ्यांच्या तोंडाकडे फिरवून ठेवले आहे. या कामी माननीय तात्यांचा पाठिंबा आहे. म्हणूनच त्यांनी आज स्वतः सांगून हे पत्र सर्व संस्थांना पाठवले आहे. सर्व गावांनी यंत्र असेच फिरवून घ्यावे अशी त्यांची इच्छा आहे. मी मध्येच पद सोडणार अशी गावात बोलवा आहे. परंतु हे काम मार्गी लागेपर्यंत मी अध्यक्षपदावर राहावे, हा तात्यांचा आग्रह मला मोडवत नाही. कळावे."

खाली विमलताईंचं नाव, आणि त्या दिवसाची तारीख. आपोआप पडलेली.

कारकुनाने कागद खाली ठेवला. मग मागच्या रांगेतून एकाने टाळी वाजवली. वळून पाहिलं तर कऱ्हाटीचे बापूराव. त्यांच्यामागे बाकीच्यांनी वाजवल्या. तात्यांना उभं राहावं लागलं. ते काय म्हणणार होते? की मी राजीनामा पाठवायला सांगितला होता? सहा महिन्यांपूर्वीच लिहून घेतलेला? चौदा गावांच्या देखत?

"व्हय," तात्या म्हणाले. "म्याच सांगितलं. पारदर्शक कारभार पायजे." आणि बसले.

सभा संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "म्याडम, ह्ये परत घेता येतं का?"

"नाही तात्या."

"मग जाताना इचारलं कसं न्हाय त्येनं, पाठवायचं का म्हनून?"

"ते तुम्हीच काढायला लावलंत."

"अंकुशला दावायचं तरी, काय जातंय त्ये."

"तेही."

तात्या जीपकडे वळले. "लई साधं केलंत तुमी," म्हणाले आणि जीपमध्ये बसले. मला आनंद झाला होता आणि तो लपवणं जड जात होतं. त्या आनंदात माझं काहीच श्रेय नव्हतं, हे घरी पोचेपर्यंत मी आठवू दिलं नाही.

चौदाही गावांत ते पत्र दुपारपर्यंत नोटीस बोर्डावर लागलं. सगळ्या गावांनी टेबलं फिरवली असं नाही. काहींनी फिरवली, काहींनी फिरवून महिन्याभरात परत पूर्ववत केली. विमलताई पुढच्या निवडणुकीपर्यंत अध्यक्ष राहिल्या आणि त्या निवडणुकीत पडल्या. दोन्ही गट त्यांना पाडायला एकत्र आले, जे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. टेबल मात्र परत फिरवायची कुणाची छाती झाली नाही. रोज सकाळी आकडा बघायची लोकांना सवय लागली होती.

निवडणुकीनंतर मी नवा पडदा तयार केला. तीन बटणं तशीच, पण 'इतर' परत कोपऱ्यात आणलं आणि जाण्याआधी विचारायचा प्रश्नही परत घातला. अंकुशच्या संस्थेत तो बसवून झाल्यावर मी विमलताईंच्या घरी गेले. त्या गोठ्यात होत्या. हात धुऊन आल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फळीवर वह्या-पुस्तकं.

"ताई, विषय तसाच ठेवून आतला मजकूर बदललात, पण ते पत्र तुम्हाला सापडलं कसं?" मी विचारलं.

त्यांनी फळीवरून दुरेघी वही काढून दिली. दुपारी अंकुश जेवून आडवा झाला की त्या कॉम्प्युटरपुढे बसत. रोज चार-पाच कळा, डावीकडून सुरुवात. दाबायची, काय होतं ते बघायचं, लिहायचं. एका बोटाने मराठी टाइप करायला त्या याच वहीतून शिकल्या. वहीत ओळीने सगळं होतं. 'या कळीने काही नाही.' 'या कळीने अक्षर मोठे.' एका ठिकाणी लिहिलं होतं, 'पडदा काळा झाला. घाम फुटला. परत दाबली, आला.'

"मला तुम्ही विचारलं होतं," मी म्हणाले. "मी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"तुमी न्हाय म्हनला न्हवता," विमलताई म्हणाल्या. "लागेल तवा सांगेन म्हनलात. नसतं तर न्हाय म्हनला असता. म्हटलं, म्हंजी हाय कुठंतरी. मग हुडकाय लागले."

हे त्या मला माफ करण्यासाठी म्हणाल्या की टोचण्यासाठी, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. "बसा, च्या टाकते," म्हणून त्या आत गेल्या.

मी वही चाळत बसले. वरच्या ओळीतल्या कळा शेवटच्या पानांवर होत्या. एफ सात, काही नाही. एफ आठ, काही नाही. एफ नऊपुढे लिहिलं होतं: 'मॅडमनी सांगितलं नाही, ते इथं आहे.'